फिनिक्सच्या नळाचे पाणी आणि न शिजणारी डाळ

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, सोनोरन वाळवंटात वसलेल्या फिनिक्स शहरातून आणि त्याच्या उपनगरांतून या सदराकडे गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे पाण्याविषयी आहेत. ती एकत्र घेतली, म्हणजे एकीचे उत्तर दुसरीलाही उपयोगी पडेल. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि वाचकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही सिअ‍ॅटल सोडून फिनिक्सला राहायला आलो. माझे माहेर अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यातले. तेथील विहिरीचे पाणी तोंडात घेताच खारट लागे. येथील नळाचे पाणी तसे लागत नाही. पण तुरीची डाळ पाच शिट्ट्या करूनही एकजीव होत नाही, चहावर तपकिरी तवंग येतो, किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो आणि काचेच्या पेल्यांवरचे डाग पुसून जात नाहीत. असले पाणी पिऊन मुतखडा होईल, अशी सासूबाईंना काळजी वाटते. मागच्या आठवड्यात पाण्याची यंत्रे विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस घरी आला. त्याने एका पेल्यात आमच्या नळाचे आणि दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे पाणी घेऊन दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवल्या. आमचे पाणी मिनिटभरात गढूळ, तपकिरी झाले. त्याचे स्वच्छ राहिले. ते पाहिल्यापासून मुलांना नळाचे पाणी द्यायला हात धजत नाही. सबंध घरासाठी यंत्र बसवावे का?

उत्तर : त्या तपकिरी पेल्याने तुमच्या घरात भीती शिरली आहे, म्हणून आधी त्याविषयी. तो गाळ तुमच्या पाण्यात नव्हता. त्या कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार विरघळलेले असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचा गंजासारखा गाळ तयार होतो. त्याच्या यंत्रातील पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे वीज नीट वाहिली नाही आणि कांडी झिजली नाही, एवढेच. पुन्हा कोणी हा प्रयोग दाखवायला आले, तर त्यांच्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून कांड्या बुडवायला सांगा. तेही पाणी तपकिरी होईल. दुधापेक्षा जास्त जपून आपण मुलांना पाणी देतो, आणि त्या काळजीचा असा उपयोग करून घेतला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते.

पाण्यात काय आहे हे कळण्यासाठी ते कोठून येते हे पाहावे लागेल. फिनिक्सला वर्षाकाठी जेमतेम १८० मिलिमीटर पाऊस पडतो. शहराचे बहुतेक पाणी सॉल्ट, व्हर्डी आणि कोलोरॅडो या नद्यांचे. सॉल्ट म्हणजे मीठ. उगमाकडे मिठाच्या थरांवरून वाहत आल्यामुळे त्या नदीला हे नाव पडले, आणि तिच्यावरचे रूझवेल्ट धरण १९११ साली पूर्ण झाले. कोलोरॅडोचे पाणी हवासू जलाशयातून उपसून सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने येते. या कालव्याचे काम १९७३ साली सुरू होऊन १९९३ साली संपले. रॉकी पर्वतात ही नदी निघते तेव्हा तिच्या लिटरभर पाण्यात सुमारे ५० मिलिग्रॅम क्षार असतात. पुढे चुनखडी आणि जिप्समच्या खडकांतून वाहताना, शेतांतून झिरपून परतलेले पाणी पोटात घेताना आणि उघड्या जलाशयांत उन्हाने आटताना ते वाढत जातात. हूव्हर धरणाच्या खाली ते लिटरमागे ७२३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नयेत, असे मानक ठरवावे लागले आहे. म्हणजे पाणी जलशुद्धीकरण केंद्रात पोचण्याआधीच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येते. केंद्रात गाळ काढला जातो, जंतू मारले जातात. हे विरघळलेले क्षार मात्र तसेच राहतात, कारण ते आरोग्याला अपायकारक मानलेले नाहीत.

आपल्या शाळेच्या पुस्तकांत अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हणत, म्हणजे ज्यात साबणाचा फेस नीट होत नाही असे. बोलताना आपण त्याला जड पाणी म्हणतो. तुमच्या माहेरचे पाणी वेगळे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजलात सोडियमचे क्षार जास्त, म्हणून ते जिभेला कळते. फिनिक्सच्या पाण्यातील कॅल्शियम जिभेला फारसे कळत नाही, ते किटलीला कळते. अमेरिकेत जडपणा ग्रेनमध्ये मोजतात आणि एक ग्रेन म्हणजे लिटरमागे १७.१ मिलिग्रॅम. फिनिक्सचे पाणी ऋतूनुसार आणि ज्या केंद्रातून येते त्यानुसार साधारण १० ते १७ ग्रेन, म्हणजे १७० ते २९० मिलिग्रॅमच्या आसपास असते. १८० च्या वरचे पाणी तेथे फार जड समजतात. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी इष्ट मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसल्यास चालणारी कमाल मर्यादा ६०० मिलिग्रॅम आहे. सिअ‍ॅटलचे पाणी डोंगरातल्या पावसाचे आणि बर्फाचे, अतिशय मृदू. त्या सवयीच्या हाताला हा फरक एकदम जाणवणारच.

आता डाळ. डाळीच्या दाण्यातील पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजणे म्हणजे मुख्यतः हे पेक्टिन विरघळून पेशी सुट्या होणे. पाण्यातील कॅल्शियम त्या पेक्टिनला जखडून टाकते आणि मग ते विरघळेनासे होते. मी स्वतः एक हिवाळा फिनिक्सच्या उपनगरात मुलीकडे राहिले, तेव्हा एकाच पिशवीतली अर्धी अर्धी वाटी तूरडाळ कुकरच्या दोन डब्यांत लावून पाहिली. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात क्षार काढणाऱ्या पिण्याच्या गाळणीचे. चार शिट्ट्यांनंतर नळाच्या पाण्यातल्या डाळीचे दाणे फुटले होते, पण प्रत्येकाची कड ओळखू येत होती आणि पाणी वर वेगळे उभे होते. दुसऱ्या डब्यातली डाळ पळीने दोनदा फिरवताच घोटली गेली. त्या दिवसापासून त्या घरी डाळ, राजमा, छोले आणि वाटाणे भिजवायला आणि शिजवायला पिण्याच्या गाळणीचेच पाणी वापरले जाते.

ते नसेल तेव्हा कडधान्ये भिजवताना पाण्यात थोडे मीठ घालावे. मिठातले सोडियम कॅल्शियमची जागा काही प्रमाणात घेते आणि दाणा लवकर मऊ होतो. खायच्या सोड्याची अगदी छोटी चिमूटही हेच काम करते. पण सोड्याने डाळीतील ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून तो रोज वापरू नये. चिंच, आमसूल आणि टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावेत, कारण आंबटपणानेही पेक्टिन घट्ट राहते. शिवाय डाळ किती जुनी आहे ते पाहा. मोठे पोते आणून उन्हाळाभर तापलेल्या गॅरेजमध्ये ठेवलेली डाळ कोणत्याही पाण्यात हट्टीपणा करते. उंचीचा मात्र येथे संबंध नाही. फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ३३० मीटर उंच आहे. त्याच राज्यातील फ्लॅगस्टाफ २१०० मीटरवर असल्यामुळे तेथे पाणी सुमारे ९३ अंश सेल्सिअसलाच उकळते, ती अडचण निराळी.

किटलीतला पांढरा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपला चुना-खडूच. पाणी तापले की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेले बायकार्बोनेट न विरघळणाऱ्या कार्बोनेटच्या रूपात खाली बसते. तो पोटात गेल्याने काही बिघडत नाही, पण उष्णता अडवतो. वाण्याकडे लिंबूसत्त्व म्हणून मिळते ते सायट्रिक आम्ल दोन चमचे घेऊन किटलीभर पाण्यात घालावे, पाणी गरम करावे आणि अर्धा तास तसेच ठेवावे. थराला आधी बारीक बुडबुडे सुटतात, मग कडेने खपल्या उचलल्या जातात आणि शेवटी चकचकीत तळ दिसू लागतो. पेल्यांच्या डागांना आणि तोटीच्या तोंडाला पांढरे व्हिनेगर पुरते. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. संगमरवर किंवा ट्रॅव्हर्टाइनच्या फरशीवर आंबट काही सांडू देऊ नये, कारण ते दगडही कॅल्शियम कार्बोनेटचेच आणि आम्लाने खरवडले जातात. आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. चहावरचा तवंग पाण्यातले कॅल्शियम आणि चहातील द्रव्ये हवेच्या संपर्कात एकत्र आल्याने धरतो. तो अपायकारक नाही; गाळणीच्या पाण्याचा चहा केला की येणार नाही.

पाणी तापवणाऱ्या टाकीकडे किटलीपेक्षा जास्त लक्ष द्यावे, कारण ती डोळ्यांआड असते. तळाशी चुना साचला की पाणी तापताना आतून गडगडल्यासारखा, मक्याचे दाणे फुटल्यासारखा आवाज येतो. तापमान १२० अंश फॅरनहाइटच्या आसपास ठेवले तर थर कमी बसतो आणि भाजण्याचा धोकाही कमी होतो. वर्षातून एकदा टाकी तळातून रिकामी करून धुऊन घ्यावी. गॅसची टाकी असेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. कपड्यांचा खरखरीतपणा आणि मळकटपणा बहुतेकदा पावडर कमी पडल्याने येतो. तिच्यातील काही भाग कॅल्शियमला बांधण्यातच खर्च होतो, म्हणून डब्यावर जड पाण्यासाठी दिलेले माप वापरावे. सिअ‍ॅटलचे माप येथे पुरणार नाही.

सासूबाईंच्या काळजीविषयी. जड पाण्याने आरोग्याला अपाय होतो असा खात्रीलायक पुरावा नाही, आणि या पाण्यातून थोडे कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळते ते उपयोगीच असते. बहुतेक मुतखडे ज्यापासून बनतात त्या ऑक्झलेट नावाच्या द्रव्याला अन्नपाण्यातील कॅल्शियम आतड्यातच बांधून शरीराबाहेर नेते. वाळवंटात मुतखड्याचे मोठे कारण म्हणजे पाणी कमी पिणे. तेथील कोरड्या हवेत घाम अंगावर न दिसताच वाळून जातो आणि तहान उशिरा कळते. म्हणून त्यांना आवर्जून सांगा की पाणी जड आहे म्हणून कमी पिऊ नका. ज्यांना पूर्वी खडा झाला आहे त्यांनी तो कोणत्या प्रकारचा होता हे डॉक्टरांना विचारून त्यांच्या सल्ल्याने चालावे.

तेव्हा सबंध घराचे यंत्र आत्ता घेऊ नका. शहराचा पाणीपुरवठा विभाग दरवर्षी पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल देतो, तो पाहा. दुकानात मिळणाऱ्या कागदी पट्टीने घरच्या नळाचा जडपणा मोजा. मग स्वयंपाकघराच्या ओट्याखाली उलट परासरणाची, म्हणजे आरओची, छोटी गाळणी बसवा. डाळ, चहा आणि पिणे यांपुरते पाणी त्यातून घ्या. या गाळणीतून काही पाणी वाया जाते आणि वाळवंटात ते मनाला लागते, म्हणून कमी पाणी वाया घालवणारी निवडा आणि तिचे पाणी भांडी विसळायला वापरू नका.

प्रश्न : आम्ही विकत घेतलेल्या घरात पाणी मृदू करणारे यंत्र आधीपासूनच आहे. दर महिन्याला त्यात मिठाची पिशवी रिकामी करावी लागते. पण टीडीएस मोजणारी कांडी यंत्राच्या आधी आणि नंतर जवळजवळ एकच आकडा दाखवते. यंत्र बिघडले आहे का? वडील चार महिन्यांसाठी येणार आहेत, त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे.

उत्तर : यंत्र चांगले असू शकते. टीडीएसची कांडी पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगते. तुमचे यंत्र क्षार काढून टाकत नाही, त्यांची अदलाबदल करते. त्यातील राळेचे मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. एकूण बेरीज जवळपास तीच राहते. यंत्र चालते की नाही हे जडपणाच्या पट्टीने किंवा साध्या रीतीने कळेल : बाटलीत अर्धे पाणी घेऊन अंगाच्या साबणाचा चुरा टाका आणि हलवा. मृदू पाण्यात उभा, टिकणारा फेस येईल; जड पाण्यात पांढरट चोथा तरंगेल.

वडिलांसाठी हिशेब असा. १५ ग्रेन जडपणाचे पाणी मृदू केले की लिटरमागे साधारण ११८ मिलिग्रॅम सोडियम वाढते. दिवसाला दोन लिटर पाणी प्यायले तर ते सुमारे २३६ मिलिग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सुचवले आहे. म्हणजे त्याचा आठवा-नववा हिस्सा केवळ पाण्यातून जाईल. लोणचे-पापड त्याहून जास्त देतात हे खरे, पण ज्यांना मीठ तोलून खायचे आहे त्यांच्यासाठी हा हिस्सा टाळता येण्याजोगा आहे. पुष्कळ घरांत स्वयंपाकघराचा थंड पाण्याचा नळ या यंत्राला वळसा घालून जोडलेला असतो. तुमचा तसा आहे का ते पाहा. नसल्यास प्लंबरकडून करून घ्या, किंवा पिण्याचे पाणी आरओतून घ्या, त्याने सोडियमही बहुतांश निघून जाते. तान्ह्या बाळाची दुधाची पावडर कालवायलाही मृदू केलेले पाणी वापरू नये.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. यंत्र आपले मणी मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करते, आणि मिठाची ती पिशवी अशी शेवटी सांडपाण्यात जाते. फिनिक्सच्या पश्चिमेला असलेले पालो व्हर्डी हे अणुवीज केंद्र नदी, समुद्र किंवा मोठ्या तलावाच्या काठी नाही. ते शहरांच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर थंड ठेवले जाते. वाळवंटात पाणी असे पुन्हा पुन्हा वापरले जाते, आणि नेहमीच्या शुद्धीकरणात त्यातील मीठ निघत नाही. म्हणून यंत्र वापरायचेच असेल तर ठरावीक दिवशी आपोआप धुणारे न ठेवता पाण्याच्या वापराप्रमाणे धुणारे ठेवा आणि त्यावर तुमच्या पाण्याचा खरा ग्रेनचा आकडा लावा. अनेक घरांत तो गरजेपेक्षा जास्त लावलेला असतो आणि मीठ विनाकारण वाहून जाते.

प्रश्न : येथे आल्यापासून केस राठ झाले आहेत आणि गळतात. मुलीला इसब आहे. मृदू पाण्याचे यंत्र बसवले तर तिला आराम पडेल का?

उत्तर : इसबाविषयी इंग्लंडमध्ये चांगला प्रयोग झाला आहे. ३३६ मुलांपैकी काहींच्या घरी मृदू पाण्याचे यंत्र बसवून १२ आठवडे तुलना केली गेली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत यंत्राचा अधिक फायदा दिसला नाही. त्यामुळे केवळ इसबासाठी खर्च करू नका. साबणाऐवजी सौम्य, बिनसाबणाचे धुण्याचे द्रव्य वापरा, आंघोळ थोडक्यात आणि कोमट पाण्याने घाला, अंग ओलसर असतानाच डॉक्टरांनी दिलेले मलम लावा. फिनिक्सची हवाच त्वचेतील ओलावा ओढून घेते, आणि त्याचा दोष पुष्कळदा पाण्याच्या माथी जातो.

केसांचा राठपणा मात्र पाण्याने येऊ शकतो. साबण आणि कॅल्शियम मिळून जो चोथा होतो तो केसांवर बसतो. केसांना साबण लावत असाल तर तो बंद करा. शिकेकाई आणि रिठ्यातील फेसाळ द्रव्याचा कॅल्शियमशी असा चोथा होत नाही, त्यामुळे आजीची पद्धत या पाण्यात चांगली चालते. शेवटचे पाणी तांब्याभर गाळणीचे घ्यावे. केस मुळापासून गळत असतील तर पाण्याला दोष देत थांबू नका. लोह, थायरॉइड, नुकतेच झालेले आजारपण यांची तपासणी करून घ्या.

प्रश्न : तुळशीच्या कुंडीतील मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात. कोणते पाणी घालावे?

उत्तर : मृदू केलेले पाणी घालू नका, त्यातील सोडियमने माती घट्ट होते आणि मुळे गुदमरतात. बाहेरच्या बागेच्या नळाला बहुधा यंत्र जोडलेले नसते, ते पाणी चालेल. रोज थोडे थोडे शिंपडण्याऐवजी एक-दोन दिवसांआड, खालच्या भोकातून वाहून जाईल इतके घाला, म्हणजे साठलेले क्षार धुतले जातील. बशीत उतरलेले पाणी फेकून द्या. मातीचा वरचा पांढरा पापुद्रा बोटभर काढून नवी माती घाला. उन्हाळ्यात नळाचे थंड पाणीही तेथे चांगलेच गरम येते, तेव्हा ते बादलीत रात्रभर ठेवून सकाळी घाला, आणि जून ते सप्टेंबर कुंडी दुपारच्या उन्हातून पूर्वेच्या भिंतीशी हलवा.